ब्रेक द्यायचा राहून गेला

परताव्याच्या काउंटरवरच्या ताई गेली सात वर्षं त्या दुकानात नवीन होत्या.

छापताना काही चुकलेलं नाही. दुकान होतं काचेचं, दुमजली, घरात लागणारं आणि न लागणारं सगळं विकणारं. त्यातलं न लागणारं लोक हौसेने घरी नेत, चार दिवसांनी शुद्धीवर येत आणि ताईंच्या काउंटरवर परत आणून ठेवत. पावती बघायची, वस्तू उलटीपालटी करायची, माणसाने घरून घोकून आणलेलं कारण न हसता ऐकायचं आणि पैसे परत करायचे, हे ताईंचं काम. ते त्यांना झोपेतही करता आलं असतं. तरीही त्यांच्या छातीवर नावाखाली एक पिवळा बिल्ला असे : ‘मी नवीन आहे. कृपया सांभाळून घ्या.’

याचं कारण ब्रेक. दुकानात प्रत्येक माणूस वर्षाच्या करारावर होता, आणि कंपनीचं वर्ष संपायच्या आत प्रत्येकाला आठवडाभराचा ब्रेक दिला जाई. आदल्या संध्याकाळी फोनवर मेसेज यायचा, ‘उद्यापासून आपली सेवा समाप्त. आपल्या योगदानाबद्दल आभार.’ आठवड्याने दुसरा यायचा, ‘आमच्या परिवारात आपलं स्वागत.’ मधल्या आठवड्याचा पगार नाही, आणि परत आलं की माणूस कोरा करकरीत. त्याचं प्रशिक्षण पुन्हा व्हायचं. ज्या मुलाला ताईंनी पावती कशी वाचायची ते शिकवलं होतं, त्यानेच गेल्या वर्षी त्यांना पावती कशी वाचायची ते शिकवलं.

“ताई, हे तुम्हाला माहीतच आहे म्हणा,” तो बिचारा लाजून म्हणाला होता.

“माहीत आहे रे, पण सांग. नाहीतर तुझे शिकवल्याचे गुण जातील.”

पगार अर्थातच नव्या माणसाचा. पगारवाढ जुन्यांना मिळे, आणि जुनं असं दुकानात फक्त वातानुकूलन यंत्र होतं.

ब्रेकमागे एक कलम होतं. एखाद्याने कंपनीचं अख्खं वर्ष सलग काम केलं, तर तो आपोआप कायम होई. हे कलम कुणी घातलं, का घातलं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. बहुधा पूर्वी कधीतरी कंपनीत एखादा भला माणूस होऊन गेला असावा. आता ते कलम काढून टाकण्यापेक्षा ब्रेक देणं स्वस्त पडत होतं.

ब्रेकचे मेसेज पाठवायचं काम मनुष्यबळवालीचं. गोदामाच्या शेजारी बिनखिडकीच्या खोलीत ती बसे, सगळ्यांशी गोड बोले आणि सगळ्यांना ब्रेक देई. आठवड्याला थोडे थोडे, म्हणजे दुकान ओस पडत नसे. कुणी दोन दिवस दिसलं नाही की सुट्टीवर आहे, ब्रेकवर आहे की कायमचंच गेलंय, हे विचारायची दुकानात पद्धत नव्हती. उगाच कुणाला वाईट वाटायला नको.

यंदाच्या ब्रेकची बातमी ताईंच्या घरात पहिल्यांदा पडद्यांना लागली.

म्हणजे झालं असं, की ताईंच्या घरचे पडदे दर वर्षी ब्रेकच्या आठवड्यात धुतले जात. सून एरवी घरात सलग दिसायचीच नाही, तेव्हा सासूबाईंनी वर्षभराची मोठी कामं त्या आठवड्याला बांधून टाकली होती.

“अगं, तुझा ब्रेक कधी आहे?” भाजी निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं. “पडदे खोळंबलेत. मागच्या वर्षी या दिवसांत वाळूनसुद्धा झाले होते.”

“मेसेज नाही आला अजून, आई.”

“फोन बंद करून परत चालू कर,” नवरा म्हणाला. तो स्कूटरवरून लोकांची पार्सलं पोचवत असे, आणि आयुष्यातल्या बहुतेक अडचणींवर त्याच्याकडे हा एकच इलाज होता.

“फोन ठीक आहे. मनुष्यबळवालीच दिसत नाहीये. परवा तिच्या खोलीला कुलूप होतं. दारावरचे मामा म्हणत होते तिला ब्रेक मिळालाय. ती वेगळ्या कंत्राटदाराची ना.”

नवऱ्याने कप खाली ठेवला. “ब्रेक देणारीलाच ब्रेक?”

“हो. संध्याकाळी मेसेज आला, सकाळपासून नाही.”

“मग तिच्या जागी कोण?”

“कुणी नाही. नवीन माणूस घ्यायचं तर ते मनुष्यबळवालीच घेते.”

“मग तुला ब्रेक कोण देणार?”

गॅसवर दूध उतू गेलं. त्या घरात दूध उतू जाताना तिघं जागेवर असून कुणीच उठलं नाही, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

“वर्ष कधी संपतं गं कंपनीचं?” सासूबाईंनी हळूच विचारलं. भिंतींनी ऐकू नये असा आवाज.

“या शनिवारी. संध्याकाळी जाताना यंत्रावर अंगठा लावला की.”

त्यानंतर चहा झाला, आणि चहाबरोबर ज्याचं त्याचं स्वप्न. नवऱ्याच्या डोळ्यांसमोर बँक आली. कायम नोकरी असली की बँकेतला माणूस ‘बसा’ म्हणतो, असं त्याने ऐकलं होतं. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर त्यांचा डावा गुडघा आला, कारण कायम माणसाच्या घरच्यांना विमा असतो. ताईंनी काय बघितलं ते त्यांनी सांगितलं नाही, कारण ते फारच साधं होतं. कायम माणसाची साप्ताहिक सुट्टी ठरलेल्या वारी असते. ताईंची सुट्टी त्यांना आदल्या संध्याकाळी कळे, नवऱ्याची त्याला त्याच सकाळी. गेल्या वर्षात एकदाच दोघांच्या सुट्ट्या चुकून एका दिवशी आल्या, तेव्हा दोघंही अवघडून बसली होती आणि पाहुण्यांसारखी एकमेकांना विचारत होती, चहा टाकू का?

“आता ऐक,” सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. “शनिवारपर्यंत कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही. काम बिघडवायचं नाही, आणि फार चांगलंही करायचं नाही. लक्षात राहील असं काहीच करू नकोस.”

“म्हणजे कशी वागू?”

“नव्या सुनेसारखी. असून नसल्यासारखी.”

“तुम्ही तशा राहिला होतात?”

“मी राहिले असते तर तुझे सासरे जन्मभर एवढे घाबरून वागले असते का?” सासूबाईंनी शेंग मोडली. “पण मला माहीत आहे कसं राहायचं असतं ते.”

असून नसणं सोपं नसतं, हे ताईंना दुसऱ्याच दिवशी कळलं. एक गृहस्थ वजनकाटा घेऊन आले. अंगाने भरलेले, बोलायला मऊ.

“हा काटा खोटं बोलतो,” ते म्हणाले.

“जास्त दाखवतो की कमी?”

“जास्त.”

“किती जास्त?”

“ते मी सांगणार नाही.”

ताईंनी काटा जमिनीवर ठेवला आणि स्वतः त्यावर उभ्या राहिल्या. काटा बरोबर होता. पण त्या गृहस्थांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना राहवलं नाही. “मलाही जास्तच दाखवतोय हो,” त्या म्हणाल्या. “घ्या पैसे परत.”

गृहस्थांचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत कुणी त्यांची बाजू घेतली नसावी. “अशी माणसं राहिली नाहीत हल्ली. मी तुमच्याबद्दल वर कळवणार. मुख्यालयाला. सविस्तर.”

ताईंनी पैसे पटकन पुढे सरकवले. “नका कळवू.”

“हा तुमचा विनय झाला.”

“विनय नाही, खरंच नको.”

“कळवणारच. नाव काय तुमचं?” ते बिल्ला वाचायला वाकले. ताईंनी बिल्ल्यावर हात ठेवला.

“काटा खरा आहे,” त्या घाईने म्हणाल्या. “तुमचंच वजन वाढलंय.”

गृहस्थ सरळ झाले. त्यांनी पैसे उचलले, ते दारापर्यंत गेले आणि तिथून एकदा मागे वळून बघितलं. त्यांनी मुख्यालयाला काहीही कळवलं नाही. ताईंना दिवसभर वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी, कुणाला सांगता येणार नाही असं, थोडं बरंही वाटलं.

त्या आठवड्यात दुकानाला काहीतरी झालं होतं. ताई स्वतःच्याच धास्तीत होत्या, म्हणून त्यांना ते उशिरा दिसलं. गल्ल्यावर बसणारे सुट्टेभाऊ, ज्यांना सगळे त्यांच्या एकमेव प्रश्नामुळे सुट्टेभाऊ म्हणत, एरवी नुसती शिंक आली तरी घरी राहात. त्या आठवड्यात ते लालभडक डोळ्यांनी गल्ल्यावर बसून होते.

“सुट्टेभाऊ, ताप आहे तुम्हाला.”

“ताप नाही. अंग जरा गरम आहे.”

“घरी जा की.”

“घरी काय ठेवलंय!” ते दचकून म्हणाले आणि समोरच्या बाईंना त्यांनी न मागता सुट्टे दिले.

दारावरचे मामा, म्हणजे दुकानाचे पहारेकरी, एरवी दुपारी स्टुलावर बसून डोळे मिटत आणि त्याला ‘कानाने पहारा’ म्हणत. त्या आठवड्यात मामा स्टुलाकडे फिरकले नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला सलाम. एकदा तर वाऱ्याने दार उघडलं, त्यालाही सलाम.

सगळ्यात नवल मोटिव्हेशनसाहेबांचं. हे दुकानाचे व्यवस्थापक. वय ताईंच्या धाकट्या भावाएवढं, टाय सासऱ्यांनी दिलेला. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी सगळ्यांना गोल उभं करून ते भाषण देत : आपण एक परिवार आहोत, अडचण म्हणजे संधी, ग्राहकाने दार उघडायच्या आधी आपण मन उघडायचं. त्यावरून त्यांना हे नाव पडलं होतं, आणि ते कौतुकाने पडलंय असा त्यांचा समज होता. तर त्या आठवड्यात भाषण नाही. ‘चला, लागा कामाला’ एवढं म्हणून ते भांड्यांच्या मांडणीमागे जात आणि तिथेच असत. मुख्यालयाचा फोन आला की इतक्या हळू बोलत, की पलीकडचा माणूस कंटाळून ठेवून देई.

कुणी उशिरा आलं नाही. कुणी लवकर गेलं नाही. कुणी भांडलं नाही, रजा मागितली नाही, गारठा जास्त आहे म्हणून कुरकुर केली नाही. दुकान जाहिरातीतल्या दुकानासारखं चाललं. आणि तिथेच घात झाला.

मुख्यालयात एका भिंतीवर मोठा पडदा होता आणि त्यावर कंपनीचं प्रत्येक दुकान म्हणजे एक टिंब. वाईट चाललं की लाल, बरं चाललं की पिवळं, उत्तम चाललं की हिरवं. या दुकानाचं टिंब जन्मापासून पिवळं. ते अचानक हिरवं झालं आणि हिरवंच राहिलं. आधी त्यांनी पडदा दुरुस्त करून घेतला. तरी हिरवंच. मग मात्र मुख्यालय हललं.

शुक्रवारी मोटिव्हेशनसाहेबांनी सगळ्यांना गोल उभं केलं. “उद्या वरचे साहेब येतायत,” ते म्हणाले. घरात कुणी गेल्याची बातमी द्यावी तसा सूर. “आपल्याला बघायला.”

“का?” मामांनी विचारलं.

“आपण चांगलं काम केलं म्हणून.”

“कुणी केलं?” सुट्टेभाऊंनी तापलेल्या नजरेने सगळ्यांकडे बघितलं.

“मी नाही,” मामा ताबडतोब म्हणाले.

त्या संध्याकाळी ताईंच्या घरी पुन्हा बैठक बसली. उद्या जाऊच नकोस, पोट दुखतंय म्हणून सांग, असं नवऱ्याने सुचवलं.

“रजेवर सही करायला मनुष्यबळवाली नाही, आणि बिनसहीचा एक दिवस घरी बसले की तोच ब्रेक धरतात,” ताई म्हणाल्या. “जायला तर लागेलच.”

“मग जा आणि खांबाआड उभी राहा,” सासूबाई म्हणाल्या.

“परताव्याला खांब नाहीये, आई.”

“एवढं मोठं दुकान आणि एक खांब नाही,” सासूबाईंनी कंपनीविषयीचं आपलं मत एकदाच सांगून टाकलं.

वरचे साहेब शनिवारी दुपारी आले. त्यांचा हुद्दा ‘कर्मचारी आनंद प्रमुख’ असा होता, आणि अंगाला चांगला वास येत होता. ते सगळ्यांशी हात मिळवत फिरले. सुट्टेभाऊंचा हात हातात घेऊन म्हणाले, “काय ऊब आहे! हीच ऊब ग्राहकाला जाणवते.” मामांना म्हणाले, “बसा की.” मामा म्हणाले, “कशावर?” आणि स्टूल पायाने मागे ढकललं.

मग साहेबांनी सगळ्यांना परताव्याच्या काउंटरपाशी जमवलं. फोन उभा करून ठेवला. “मला तुमचं गुपित हवंय,” ते म्हणाले. “आज संध्याकाळच्या आत मुख्यालयाच्या पडद्यावर तुमचा सत्कार आहे. प्रत्येकाचा फोटो, नाव आणि रुजू झाल्याची तारीख. तारखा लागतीलच, ब्रेकनंतर परत कधी आलात त्या. तेवढ्या सांगा, मी इथूनच पाठवतो.”

सुट्टेभाऊंच्या हातातली नाणी खाली पडून चारी दिशांना गेली. ती उचलायला ते इतके खाली वाकले की वर येईनात. मामा छताकडे बघू लागले.

“तारखा ना,” मोटिव्हेशनसाहेब म्हणाले. “तारखा मनुष्यबळवालीकडे असतात.”

“तिला बोलवा.”

“ती ब्रेकवर आहे.”

“मग तोंडी सांगा. तुमच्यापासूनच सुरू करू. तुम्ही ब्रेकवरून कधी आलात?”

ज्या मोटिव्हेशनसाहेबांकडे अडचणीवर रोज नवं वाक्य असे, ते टायची गाठ सोडून पुन्हा बांधू लागले. ताईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग खाली वाकलेल्या सुट्टेभाऊंकडे, मग मामांकडे. तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. आठवडाभर रोज सकाळी वेणी घालताना त्यांनी तो आरशात पाहिला होता.

म्हणजे ब्रेक द्यायच्या राहिलेल्या त्या एकट्या नव्हत्या.

“साहेब,” ताई म्हणाल्या, “तारखा काय, सांगू. आधी आमचं काम बघा की.”

“वा!” साहेब खूष झाले. “हाच तो उत्साह. करू या, प्रात्यक्षिक करू. मी ग्राहक, तुम्ही तुम्ही.” त्यांनी शेजारच्या फळीवरून एक निळी किटली उचलली, फोन चालू केला आणि दोन पावलं मागे जाऊन ग्राहकासारखे चालत आले. “नमस्कार. मला ही किटली परत करायची आहे.”

ताईंनी एक श्वास घेतला. घरी सांगितलेलं सगळं त्यांना आठवत होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं.

“का?”

“आवडली नाही.”

“घेताना डोळे कुठे होते?”

साहेब हसले. त्यांना वाटलं, ही स्थानिक शैली असेल. “रंग आमच्या स्वयंपाकघराला शोभत नाही हो.”

“किटलीत पाणी तापवायचं असतं. भिंतीला टांगायची नसते. वापरली किती दिवस?”

“अजिबात नाही. नवी कोरी आहे.”

“सगळे तेच म्हणतात. आत पाणी आटल्याचा डाग दिसतोय मला. घरी पाहुणे होते, तेवढ्यापुरती नेलीत. पाहुणे गेले, आणून ठेवलीत.”

“अहो, ही मी आत्ता त्या फळीवरून काढली!”

“चोरलीत वर!”

मामांच्या घशातून एक आवाज निघाला. साहेबांचं हसू जाग्यावर वाळलं. “ताई, हे प्रात्यक्षिक आहे. ग्राहकाशी निदान हसून बोलतात.”

“हसायचे वेगळे पैसे मिळतात का?”

“हसणं मनातून येतं!”

“सकाळी येतं थोडं. दुपारपर्यंत पुरत नाही. सकाळपासून इथे उभी आहे, पाय सुजलेत, आणि उद्या यायचंय की नाही ते मला आज संध्याकाळी कळणार. तुम्ही हसून दाखवा.”

“तुमच्या जागी मी उद्या दुसरी बाई आणू शकतो,” साहेब म्हणाले. आता ते ग्राहक राहिले नव्हते.

“आणा की. तिला मीच शिकवीन. पुढच्या वर्षी ती मला शिकवेल. तसंच चालतं इथे.”

साहेबांनी फोन बंद केला. किटली काउंटरवर आपटली. त्यांच्या कानांच्या पाळ्यासुद्धा लाल झाल्या होत्या. “सत्कार रद्द,” ते म्हणाले. “आणि या बाईंना आत्ताच्या आत्ता काढा.”

बोलून गेल्यावर धीर ओसरतो, तसा ताईंचा ओसरला. सासूबाईंचा गुडघा त्यांच्या डोळ्यांसमोरून लंगडत निघून गेला.

“काढतो,” मोटिव्हेशनसाहेब म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला. “फक्त काढायला मनुष्यबळवालीची सही लागते.”

“मग घ्या!”

“ती ब्रेकवर आहे. सोमवारी येईल.”

“मग तोवर घरी पाठवा यांना.”

“घरी पाठवलं की ती रजा होते, सर. रजेच्या अर्जावरही तिचीच सही.”

“म्हणजे सोमवारपर्यंत या बाई इथेच उभ्या राहणार?”

“हो. पण माझी नाराजी मी त्यांना पोचवीन,” मोटिव्हेशनसाहेब गंभीरपणे म्हणाले. आयुष्यातलं त्यांचं सर्वोत्तम भाषण ते हेच.

वरचे साहेब निघून गेले. तारखा राहिल्या त्या राहिल्याच. थोड्या वेळाने मुख्यालयातून फोन आला, की टिंब पुन्हा पिवळं झालंय आणि आता तिकडे सगळ्यांना ओळखीचं वाटतंय.

सुट्टेभाऊ नाणी घेऊन काउंटरमागून वर आले.

“ताई, हे काय केलंत?” मोटिव्हेशनसाहेबांनी विचारलं. “का?”

“तुमचा ब्रेक झाला का?”

त्यांनी बुटांकडे बघितलं. “नाही.”

“माझाही नाही,” सुट्टेभाऊ म्हणाले.

“म्हणजे तुम्हालाही विसरले?” मामांच्या आवाजात थोडी निराशा होती. “मला वाटलं, नशीब फक्त माझंच उघडलं.”

संध्याकाळी चौघं अंगठ्याच्या यंत्रापुढे ओळीत उभे राहिले. मामांचा लागला. मोटिव्हेशनसाहेबांचा लागला. सुट्टेभाऊंचा लागेना. ‘ओळख पटली नाही’, यंत्र म्हणालं. पुन्हा, ‘ओळख पटली नाही.’

“तापाने घाम आलाय बोटाला,” ताईंनी पदराने त्यांचा अंगठा पुसला. मामांनी फुंकर घातली. मोटिव्हेशनसाहेबांनी तो अंगठा स्वतःच्या टायला घासला, सासऱ्यांनी दिलेल्या. चौथ्या खेपेला यंत्राने ‘धन्यवाद’ म्हटलं, आणि सुट्टेभाऊ तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. सगळ्यात शेवटी ताईंनी अंगठा लावला. यंत्राने त्यांनाही तेवढंच म्हटलं.

सोमवारी मनुष्यबळवाली आली, तिने वर्षाचे हिशेब उघडले आणि ती खोलीतून जेवायच्या सुट्टीपर्यंत बाहेरच आली नाही. सुट्टेभाऊ तापासाठी भरपगारी रजा घेऊन घरी झोपले होते, आणि रजा भरपगारी आहे या आनंदाने त्यांना झोप लागत नव्हती.

ताईंसाठी मात्र दोन दिवसांनी घरी पाकीट आलं. कंपनीचा शिक्का असलेलं, जाड. ताईंनी ते फोडलं नाही. नवरा आल्यावर त्याने फोडलं आणि उभ्यानेच वाचायला घेतलं.

“कारणे दाखवा नोटीस. ज्याअर्थी आपण, परतावा विभागातील कायम कर्मचारी...”

“थांब,” सासूबाई म्हणाल्या. “परत वाच.”

“ज्याअर्थी आपण, परतावा विभागातील कायम कर्मचारी...”

“पुढे जाऊ नकोस. तेवढंच परत वाच.”

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तो पुढे गेला. “...यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांस किटलीच्या संदर्भात चोर असे संबोधले, त्याअर्थी आपणास सेवेतून का कमी करू नये, याबाबत आपले म्हणणे सादर करावे. आवश्यकता वाटल्यास अधिक कागद जोडावेत.”

“काढतील मला,” ताई हलकेच म्हणाल्या.

“काढतील ना,” नवरा खाली बसला. “पण बघ तरी. आधी विचारतायत! माझ्या आधीच्या कुरिअरवाल्यांनी मला काढलं, तेव्हा सकाळी फोनमध्ये त्यांचं अ‍ॅप उघडेना, एवढंच. मी फोन दुरुस्तीला टाकला होता. पैसे भरून आणला, आणि मग एका मित्राने सांगितलं, की अरे फोन ठीक आहे.” त्याने नोटीस पुन्हा हातात घेतली. त्याच्या नजरेत काळजी होती, पण थोडा हेवाही होता. “तुला कारण विचारतायत. जाड कागदावर.”

“आणि उत्तर दिल्यावर?”

“मग चौकशी बसेल. चौकशीला माणसं नेमतील. ती माणसं करारावर असतील.”

“त्यांना ब्रेक लागतील,” सासूबाई म्हणाल्या, आणि गुडघ्यावरून हात फिरवत त्या बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसल्या.

रात्रीची भांडी लवकर आवरली गेली. नवऱ्याने कोरा कागद आणि पेन ताईंसमोर ठेवलं. ताईंनी वर तारीख घातली. खाली ‘माझे म्हणणे’ असं लिहिलं, त्याखाली रेघ मारली, आणि पेन हातात धरून त्या बसून राहिल्या. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. आता विचारलं, तर सुरुवात कुठून करायची ते कळेना.

“किटलीपासून कर,” सासूबाई म्हणाल्या. “तिथून आपोआप मागे जाशील.”

ताईंनी लिहायला घेतलं. पहिलं पान भरत आलं, तेव्हा मान वर न करता त्या नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, अजून कागद आहेत का घरात?”